माशाचं पोट बघून खायला घाला: घरच्या रीफ टँकसाठी सविस्तर मार्गदर्शन

टँकसमोर उभे राहा आणि मासा तुमच्या दिशेने पोहत येईल तेव्हा त्याला समोरून बघा. डोळ्यांच्या मागे, पाठीच्या दोन्ही अंगांना मांस भरलेलं दिसतं का? की तिथे खळगे पडून पाठीची धार वर आली आहे? मग तो वळला की पोट बघा. पोटाची रेष सरळ किंवा किंचित बाहेर आलेली असावी, आत ओढलेली नसावी. किती आणि कितीदा खायला घालायचं याचं खरं उत्तर या दोन जागी मिळतं. डब्यावर ‘दिवसातून दोनदा चिमूटभर’ असं छापलेलं असतं, पण डबा बनवणाऱ्याला तुमच्या टँकमध्ये कोण कोण राहतं हे ठाऊक नसतं.

नवा रीफ टँक, म्हणजे माशांसोबत जिवंत प्रवाळं असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, लावलेले बरेच जण मासे अर्धपोटी ठेवतात, आणि तेही चांगल्या हेतूने. खाणं जास्त पडलं की नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं, शेवाळ माजतं, प्रवाळांचा रंग उतरतो, हे त्यांनी वाचलेलं असतं. यातलं काहीच खोटं नाही. पण त्यावरचा उपाय माशांच्या तोंडचा घास काढून घेणं हा नव्हे. मासे पोटभर खातील असं बघायचं आणि त्यातून तयार होणारा कचरा बाहेर काढायचं काम स्किमर (फेसावाटे घाण बाहेर काढणारं यंत्र), रेफ्युजियम (शेवाळ आणि बारीक जीव वाढवायचा वेगळा कप्पा) आणि पाणीबदल यांच्याकडून करून घ्यायचं, हा क्रम मी कधीच उलटा करत नाही. उपाशी माशाची प्रतिकारशक्ती खालावते, तो इतरांवर धावून जातो, आणि प्रवाळं टोचून खायला लागतो तोही बऱ्याचदा भुकेपोटीच.

आधी ओळखा: कोण काय खातं आणि कसं खातं

क्लाऊनफिश, डॅमसेल, बहुतेक डॉटीबॅक आणि धीट झालेले बरेचसे गोबी यांची फार चिंता करायला नको. पेलेट असो, फ्लेक्स असो की फ्रोझन, जे पडेल ते खातात आणि दिवसातून दोन वेळा मिळालं तरी छान राहतात. अडचण त्यांच्या चपळाईची असते. बाकीच्यांना कळायच्या आत हे अर्धं खाणं संपवून मोकळे होतात.

अँथियासचं गणित अगदी वेगळं आहे. हे मासे प्रवाळ खडकाच्या कडेला थव्याने, वाहत्या पाण्यात तोंड करून राहतात आणि वाहून येणारे प्लवक, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, दिवसभर एकेक करून टिपतात. एका बैठकीत पोट भरून ठेवायची त्यांच्या शरीराला सवयच नसते. सकाळी एकदाच भरपूर टाकलं तर ते सगळं खातील, तरीही दोनतीन महिन्यांत पाठीवरून झिजत जातील. माझ्या पहिल्या थव्यातले दोन मासे मी असेच गमावले. रोज खाताना दिसायचे, म्हणून मी निश्चिंत होतो. अँथियासना दिवसातून तीन ते पाच वेळा थोडंथोडं मिळायला हवं. ते जमणार नसेल तर हा मासा घेऊच नये, असं मी स्पष्टच सांगतो.

रॅसेसच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: या कुळातल्या माशांना जठरच नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळे साठवायला जागा अशी नाही. फेअरी रॅस, फ्लॅशर रॅस किंवा सिक्सलाइन रॅस दिवसभर खडक हुंगत का फिरतो, याचं कारण यात आहे. त्यांनाही एका मोठ्या जेवणापेक्षा तीन छोटी जेवणं मानवतात.

टँग म्हणजे सर्जनफिश हे चरणारे मासे. यलो टँगसारखे झेब्रासोमा वंशातले मासे पानासारखं शेवाळ कुरतडतात, तर कोल टँगसारखे टेनोकीटस वंशातले मासे मऊ ब्रशसारख्या दातांनी खडकावरचा आणि काचेवरचा पातळ थर खरवडून खातात. दोघांचं आतडं लांब असतं आणि वनस्पतिजन्य अन्न पचवायला त्यात सूक्ष्मजीवांचा मोठा संसार नांदत असतो. १९८५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या एका सर्जनफिशच्या आतड्यात नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा मोठा एकपेशीय जीव सापडला होता. तो चक्क जिवाणू आहे हे १९९३ मध्ये सिद्ध झालं. असं पोट घेऊन जन्मलेल्या माशाला रोज फक्त मायसिसवर (कोळंबीसारख्या बारीक जीवांवर) ठेवणं बरोबर नाही. त्याला दिवसाचे बरेच तास काहीतरी हिरवं किंवा लाल शेवाळ कुरतडायला मिळायला हवं. टँगच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेवर खड्डे पडायला लागले की आहारातली उणीव हे एक कारण तपासायचं असतं. त्या आजाराचा संबंध फिल्टरमधल्या कार्बनच्या बारीक धुळीशीही आढळला आहे, म्हणून कार्बन नीट धुऊनच वापरा.

कार्डिनलफिश संध्याकाळी आणि रात्री जास्त सक्रिय असतात. भरदुपारी टाकलेल्या खाण्याकडे पाठ फिरवणारा पजामा कार्डिनल दिवे मंद झाल्यावर पुढे येतो. दिवसाचा शेवटचा घास याच वेळी टाकला तर त्यांचं काम होतं. लायनफिश, मोरे ईल असे शिकारी मासे मात्र अगदी दुसऱ्या टोकाचे. पूर्ण वाढलेल्या लायनफिशला आठवड्यातून दोनतीन वेळा पुरतं, रोज दिलं तर यकृतात चरबी साठते. त्यांना गोड्या पाण्यातले जिवंत मासे देऊ नका. त्यांच्यातल्या स्निग्धाम्लांची घडण समुद्री माशाला मानवत नाही, शिवाय गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिनेज हे विकर असतं, जे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार, थायमिन, नष्ट करतं. महिनोन्‌महिने असंच चाललं तर मासा खातखातच आजारी पडतो.

फ्रीजरमध्ये आणि डब्यात काय असावं

एकच पदार्थ कितीही उत्तम असला तरी एकट्यावर भागवू नका. माझ्याकडे नेहमी चार गोष्टी असतात: फ्रोझन मायसिस, फ्रोझन कॅलॅनस किंवा तसलेच बारीक कॉपेपॉड (पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव), चांगल्या प्रतीचे छोटे पेलेट, आणि नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पातळ पत्री.

मायसिस हा पाया समजा. प्रथिनं भरपूर, समुद्री माशांना लागणारी लांब साखळीची स्निग्धाम्लं बऱ्यापैकी, आणि आकार मध्यम. बहुतेक समुद्री मासे ही स्निग्धाम्लं, विशेषतः ईपीए आणि डीएचए, स्वतःच्या शरीरात पुरेशी बनवू शकत नाहीत. ती खाण्यातूनच यावी लागतात. प्रौढ ब्राइन श्रिंपमध्ये नेमकी हीच गोष्ट कमी असते. मासे त्यावर तुटून पडतात, म्हणून ते पौष्टिक आहे असा समज होतो. फ्रोझन ब्राइन श्रिंप घ्यायचंच असेल तर स्पिरुलिना किंवा स्निग्धाम्लं खाऊ घालून समृद्ध केलेलं घ्या, आणि तेही अधूनमधून.

पेलेटना उगीच नावं ठेवली जातात. ताजे, चांगले पेलेट हे जीवनसत्त्वांचा तोल सांभाळलेलं खाणं असतं आणि दाणादाणा मोजून देता येतात. आकार मात्र माशाच्या तोंडापेक्षा लहान हवा. घटकांची यादी वाचा: सुरुवातीला मासे, कोळंबी, क्रिल, स्क्विड, शेवाळ अशी नावं असावीत. गव्हाचं पीठ आणि सोयाबीन पहिल्या दोन जागा अडवून बसले असतील तर तो डबा परत ठेवा. उघडलेल्या डब्यातलं क जीवनसत्त्व आणि स्निग्धाम्लं हवा, ऊब आणि ओल लागून काही महिन्यांत खराब होतात. म्हणून मोठा डबा स्वस्त पडत असला तरी लहानच घ्यावा, झाकण घट्ट लावावं आणि टँकच्या कॅबिनेटमधल्या दमट हवेत तो ठेवू नये. फ्लेक्स पाण्यात फार लवकर विरघळतात आणि थेट ओव्हरफ्लोमध्ये (वरचं पाणी खाली वाहून नेणाऱ्या कप्प्यात) जातात, त्यामुळे मी ते वापरत नाही.

नोरी घेताना मीठ, तेल, मसाला काहीही न लावलेली साधी पत्री घ्या. माशांसाठी म्हणून वेगळी विकली जाणारीच हवी असं नाही, पण घटकांमध्ये शेवाळाशिवाय दुसरं नाव असू नये.

घरी खाणं तयार करायचं असेल तर कोळंबी, स्क्विड, शिंपल्यांचं मांस, पांढऱ्या माशाचा तुकडा आणि नोरी मिक्सरमध्ये थांबतथांबत फिरवा. पार लगदा करू नका, दाणेदार राहू द्या. लगदा झाला की निम्मं खाणं पाण्यात ढगासारखं पसरून वाया जातं. मिश्रण पिशवीत भरून, पातळ पापुद्रा होईल इतकं सपाट करून गोठवा, म्हणजे हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. सस्तन प्राण्यांचं मांस यात घालू नका. त्यातली चरबी टँकच्या तापमानाला घट्टच राहते आणि समुद्री माशाला ती पचवता येत नाही. एकदा विरघळलेलं फ्रोझन खाणं परत गोठवायचं नाही, घरचं असो वा विकतचं.

किती टाकायचं याचा खरा हिशोब

‘माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं’ हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. ज्यांना जठर नाही त्या रॅसेसना आणि लांबलचक आतडं घेऊन फिरणाऱ्या टँगना तो कसा लागू करायचा? त्यापेक्षा मी आकड्यांचा आधार घेतो.

समजा दिवसाला १ ग्रॅम कोरडे पेलेट टाकले आणि त्यात निम्मी प्रथिनं आहेत. प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ८० मिलिग्रॅम. हा सगळा नायट्रोजन शेवटी नायट्रेट झाला तर त्याचं वजन सुमारे ३५० मिलिग्रॅम भरतं. २०० लिटरच्या टँकमध्ये ही दर लिटरला जवळपास १.८ मिलिग्रॅमची भर. त्याच पेलेटमध्ये १ टक्का फॉस्फरस धरला तर त्यातून सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट होतं, म्हणजे दर लिटरला ०.१५ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात चाचणीत एवढं दिसत नाही. काही नायट्रोजन माशाच्या वाढीत जातो, काही प्रवाळं, शेवाळ आणि जिवाणू घेतात, काही स्किमर ओढून काढतो. तरीही या आकड्यांतून एक गोष्ट लख्ख दिसते. बहुतेक रीफ टँकमध्ये नायट्रेट दर लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या पट्ट्यात ठेवतात. या मर्यादांशी तुलना केली तर खाण्यामुळे आधी बोकांडी बसतं ते फॉस्फेट. म्हणून आहार वाढवताना नजर फॉस्फेटच्या चाचणीवर ठेवा.

दुसरी गोष्ट फ्रोझन क्यूबची. एक क्यूब साधारण ३ ते ४ ग्रॅमचा असतो, पण त्यात बहुतांश पाणीच असतं. कोरडा ऐवज अर्ध्या ग्रॅमच्याही आत. म्हणजे दोनतीन क्यूब आणि १ ग्रॅम पेलेट यांचा भार जवळजवळ सारखा. मी असे लोक पाहिले आहेत जे अर्धा क्यूब टाकताना दहा वेळा विचार करतात आणि पेलेटचा डबा मात्र सरळ टँकवर हलवतात. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या आणि तुमची चिमूट एकदा तोलून बघा. बहुतेकांना धक्का बसतो.

क्यूब विरघळल्यावरचं पाणी ओतून द्यावं की नाही, यावर बरेच वाद होतात. मी बारीक जाळीतून गाळून घेतो, कारण त्यातला बारीक चुरा कोणी खात नाही. पण त्याने फॉस्फेटचा प्रश्न सुटतो असं समजू नका. फॉस्फरसचा मोठा हिस्सा मायसिसच्या अंगातच असतो आणि तो माशाच्या पोटात जाणारच असतो.

आणि शून्याच्या मागे लागू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही मापता येणार नाहीत इतके खाली गेले की प्रवाळं फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट्सचा, म्हणजे एक प्रकारच्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा, चिकट तपकिरी थर पसरायला वाव मिळतो. माशांनी कल्ल्यांवाटे सोडलेला अमोनिया हे प्रवाळांसाठी खत आहे. मासे नीट खातात त्या टँकमधली प्रवाळंही मला नेहमी जास्त भरलेली दिसतात.

रोजचा क्रम

दिवे लागल्यावर निदान अर्धा ते एक तास जाऊ द्या. मासे रात्रीच्या जागेतून बाहेर येऊन स्थिरावले की मगच पहिलं खाणं.

फ्रोझन तुकडा टँकच्याच पाण्यात, एका लहान वाटीत, दहापंधरा मिनिटं ठेवा. गरम पाणी किंवा मायक्रोवेव्ह वापरू नका. जीवनसत्त्वांचे थेंब घालायचे असतील तर गाळल्यानंतर घाला आणि मुरायला आणखी दहा मिनिटं द्या.

आता पंप. रिटर्न पंप, म्हणजे सम्प या खालच्या फिल्टर टाकीतलं पाणी वर आणणारा पंप, बंद करा, नाहीतर निम्मं खाणं ओव्हरफ्लोवाटे सम्पमध्ये जाईल. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणारा पंप) पूर्ण बंद न करता अगदी कमी करा. खाणं पाण्यात तरंगत हललं तरच अँथियास आणि क्रोमिस ते टिपतात, तळाला पडलेल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. रिटर्न थांबला की सम्पमधलं पाणी वर चढतं आणि स्किमर उतू जातो, म्हणून स्किमरही बंद करायचा आणि रिटर्न सुरू होऊन पातळी पूर्ववत झाल्यावरच चालू करायचा. हे पहिल्यांदा करण्याआधी एक खात्री करून घ्या: रिटर्न बंद झाल्यावर वरून परत येणारं सगळं पाणी सम्पमध्ये मावतं ना? रिटर्नच्या पाइपचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं असेल तर सायफन होऊन अपेक्षेपेक्षा खूपच जास्त पाणी खाली येतं.

मग नोरी लावा, तीही बाकीचं खाणं टाकण्याआधी. चुंबकाच्या क्लिपमध्ये पकडून, प्रवाहाच्या बाजूला. टँग आणि रॅबिटफिश तिकडे गुंतले की दुसऱ्या टोकाला इतरांना निवांत खाता येतं. दोनपेक्षा जास्त टँग असतील तर दोन क्लिप दोन टोकांना लावा, नाहीतर एकजण राखणदार होऊन बसतो. संध्याकाळपर्यंत उरलेले लिबलिबीत तुकडे काढून टाका.

आता वाटीतलं खाणं. सगळं एकदम ओतू नका. तीन किंवा चार भाग करा. पहिला भाग धिटांसाठी असतो, हे मान्य करूनच टाका. क्लाऊनफिश आणि डॅमसेल यांचा पहिला जोर ओसरला की दुसरा भाग टँकच्या दुसऱ्या बाजूला सोडा. मागचा भाग साधारण मिनिटभरात संपला तरच पुढचा टाकायचा. दाणे तळाकडे जाऊ लागले आणि कोणी मागे गेलं नाही, की थांबा. वाटीत उरलेलं टाकून द्यायला जीव कचरतो, पण ते टँकपेक्षा कचऱ्यात गेलेलं बरं. उद्या कमी घ्या.

शेवटचा भाग भिडस्तांसाठी राखून ठेवा. लांब पिपेट किंवा कडक नळी लावलेली मोठी सिरिंज घ्या आणि गोबीच्या बिळाशी, ड्रॅगोनेटच्या खडकाशी, मागच्या कपारीत लपलेल्या नव्या माशासमोर हलकेच चार मायसिस सोडा. जोराने फवारलं तर तो आतच पळतो. आठवडाभर एकाच जागी, एकाच वेळी दिलंत तर मासा पिपेट दिसताच तोंड बाहेर काढू लागतो.

हे सगळं चालू असताना हजेरी घ्या. माझ्या मते दिवसातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण याच दहा मिनिटांत होतं. रोज पहिला येणारा मासा आज मागे राहिला, तोंडात घेऊन थुंकला, कल्ले भराभर हलवत कोपऱ्यात उभा राहिला, तर अंगावर डाग दिसण्याच्या आधीच तुम्हाला सुगावा लागलेला असतो.

दहा मिनिटं झाली की पंप पुन्हा सुरू. यासाठी गजर लावाच, किंवा कंट्रोलरमध्ये आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर ती वापरा. एका रात्री माझं लक्ष दुसरीकडे गेलं आणि रिटर्न बंदच राहिला. सकाळी सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होते. खाल्ल्यानंतर माशांची प्राणवायूची गरज वाढते आणि समुद्राच्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम मावतो, तर पूर्ण खारट पाण्यात सुमारे ६.८. त्या दिवशी मासे वाचले, पण मी आजही गजराशिवाय पंपाच्या बटणाला हात लावत नाही.

अर्ध्या तासाने एक नजर वाळूवर टाका. नॅसॅरियस गोगलगायी वासावर वाळूतून सोंड काढून वर येतात. थोडा वेळ फिरून त्या पुन्हा गाडून घेत असतील तर प्रमाण बरोबर आहे. तासाभरानेही एखाद्या कोपऱ्यात त्यांची गर्दी असेल तर तिथे खाणं साचतंय. उद्याचं प्रमाण थोडं कमी करा किंवा त्या कोपऱ्यातला प्रवाह वाढवा. तेलकट खाण्यानंतर स्किमरचा फेस काही तास बसतो, त्याने घाबरून जाऊ नका, तो आपोआप परत येतो.

दोन मुख्य जेवणांच्या मध्ये अँथियाससाठी आपोआप चालणारा फीडर लावता येतो. त्यात फक्त कोरडे पेलेट भरा आणि प्रत्येक फेरीत किती दाणे पडतात हे आधी कागदावर पाडून मोजा. टँकवरची वाफ लागून दाण्यांचे गोळे होतात, तेव्हा आठवड्यातून एकदा तो उघडून कोरडा पुसायचा.

नवा मासा खातच नसेल तर

पहिले दोन दिवस न खाणं फारसं चिंतेचं नाही, पण लहान आणि सडपातळ माशाला तेवढाही अवधी नसतो. शक्य असेल तर घेण्याआधीच तो खाताना बघा आणि नेमकं काय खातो ते विचारून घ्या.

घरी आणल्यावर क्वारंटाइन टँकमध्ये, म्हणजे नव्या माशाला काही दिवस वेगळं ठेवायच्या टाकीत, शांतता, लपायला पाइपचे तुकडे आणि मंद प्रकाश द्या. सुरुवात हलणाऱ्या खाण्याने करा. जिवंत ब्राइन श्रिंप इथे कामाचे, कारण शिकारीची ऊर्मी जागी करण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. मासा ते टिपायला लागला की दुसऱ्या दिवशी त्यात थोडं फ्रोझन ब्राइन श्रिंप मिसळा, मग मायसिस, मग मायसिसच्या रसात भिजवलेले पेलेट. प्रत्येक पायरीला चारपाच दिवस लागले तरी लागू द्या. लसणाचा अर्क लावल्याने काही मासे तोंड लावतात, तेवढ्यापुरता वापरायला हरकत नाही, पण त्याने परजीवी जातात यावर विसंबू नका.

कॉपरबँड बटरफ्लायफिशचं लांब तोंड फटीतून किडे ओढून काढण्यासाठी घडलेलं आहे. समोर तरंगणारा दाणा त्याला अन्न वाटतच नाही. त्याच्यासाठी शिंपला उघडून अर्ध्या कवचासकट खडकात अडकवा, किंवा मायसिस एखाद्या मृत प्रवाळाच्या भोकांत दाबून ठेवा. तो चोच घालायला लागला की अर्धी लढाई जिंकली.

खातोय पण पोट आतच, आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी, असं दिसलं तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या. तिथे आहार वाढवून भागत नाही, उपचार लागतात, आणि ते क्वारंटाइनमध्येच करावेत.

मँडरिनसाठी वेगळी तयारी

मँडरिन ड्रॅगोनेट बघून मोहात न पडलेला माणूस मला भेटलेला नाही, आणि रीफ टँकमध्ये उपासमारीने सगळ्यात जास्त हाल होतात तेही याचेच. तो दिवसभर खडकावरून हळूहळू सरकत कॉपेपॉड टिपतो, दर काही क्षणांनी एक. घाई हा त्याचा स्वभाव नाही. त्यामुळे सगळ्यांसोबत टाकलेल्या खाण्यात त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे तो टँकमधल्या कॉपेपॉडवर निभावतो, ते संपले की खंगायला लागतो, आणि रंग तसेच झगझगीत असल्यामुळे मालकाला उशिरा कळतं.

त्याला आणण्याआधी टँकला निदान वर्ष तरी झालेलं असावं, भरपूर लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेला खडक) असावा आणि कॉपेपॉड वाढायला शांत रेफ्युजियम असावं. रात्री टॉर्च घेऊन काच बघा. पांढरे ठिपके सर्वत्र सरपटताना दिसले तरच पुढे जा. सिक्सलाइन रॅससारखा तोच घास खाणारा भागीदार टँकमध्ये असेल तर विचार सोडून द्या.

सोबत त्याला तयार खाण्याची सवय लावून ठेवा. जाळीच्या किंवा भोकं असलेल्या पेटीत त्याला टँकमध्येच वेगळं ठेवा. तिथे स्पर्धा नसते आणि तुम्हाला घास मोजता येतो. पहिल्यांदा नुकतेच उबवलेले ब्राइन श्रिंप, मग त्यात माशांची बारीक अंडी आणि फ्रोझन कॉपेपॉड, मग लहान मायसिस. काही मँडरिन दोन आठवड्यांत शिकतात, काही कधीच शिकत नाहीत. पैदास केंद्रात वाढलेला मासा मिळाला तर तो बऱ्याचदा तयार खाणं आधीच ओळखत असतो.

ब्राइन श्रिंप उबवणं अवघड नाही. उलटी धरलेली बाटली, दर लिटरला २५ ते ३५ ग्रॅम मीठ घातलेलं पाणी, तापमान २६ ते २८ अंश, तळातून जोराची हवा आणि वर दिवा. साधारण २४ तासांत नारिंगी रंगाची पिल्लं दिसू लागतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: रिकामी कवचं वर तरंगतात, पिल्लं तळाशी प्रकाश धरलात तिथे गोळा होतात. तिथून नळीने काढून बारीक जाळीत गोड्या पाण्याने धुऊन घ्या. कवचं टँकमध्ये जाऊ देऊ नका, लहान माशांच्या पचनात ती अडकू शकतात. पिल्लांचं पोषण त्यांच्या अंगातल्या पिवळ्या साठ्यात असतं आणि तो तासातासाने घटत जातो, तेव्हा उबवल्यावर शक्य तितक्या लवकर खाऊ घाला. उशीर होणार असेल तर शेवाळाचं समृद्ध द्रावण देऊन मगच वापरा.

बाहेरगावी जाताना

धष्टपुष्ट, प्रौढ मासे दोनतीन दिवस काही न खाता राहतात. निघायच्या आधी भरभरून घालायची चूक करू नका, तुम्ही नसताना पाणी बिघडलं तर बघायला कोणी नाही. टँगसाठी नोरीचे एकदोन जादा तुकडे पुरे.

त्याहून जास्त दिवसांसाठी फीडर किमान आठवडाभर आधी सुरू करून त्याची खात्री पटवून घ्या. कोणाला सांगून जाणार असाल तर त्यांच्या हातात डबा देऊ नका. प्रत्येक दिवसाचं खाणं मोजून छोट्या पुड्यांत बांधा, त्यावर तारीख घाला, आणि बाकीचे सगळे डबे आत ठेवून द्या. फ्रोझन असेल तर गोळीच्या डबीसारख्या कप्प्यांत आधीच तुकडे करून गोठवा. एका ओळीत लिहून ठेवा: पुडी कमी पडली असं वाटलं तरी दुसरी उघडायची नाही, आणि मासा दिसला नाही तर फोन करायचा.